विषय: चीफ्सच्या अभिनंदनाचं पत्र – हरकत असल्यास उद्यापर्यंत कळवा

प्रेषक: खजिनदार (ओलेथा, मूळ अंबाजोगाई)

मंडळी, नमस्कार.

संक्रांतीची मेल वेगळी येतेच आहे. तिळगुळाचा आकडा 11 कुटुंबांनी अजून कळवलेला नाही, त्यांनी कृपया मनावर घ्यावं.

ही मेल दुसऱ्या कारणासाठी. 22 डिसेंबर 2025 ला जाहीर झालं तसं चीफ्स, म्हणजे आपल्या कॅन्सस सिटीची अमेरिकन फुटबॉलची टीम, 2031 च्या हंगामापासून मिझुरी सोडून आपल्या कॅन्सस राज्यात येणार. वायंडॉट काउंटीत 3 अब्ज डॉलरचं छतवालं स्टेडियम, आणि मुख्यालय अन् सरावाची मैदानं आपल्या ओलेथ्यात. समितीतल्या दोघांचं म्हणणं पडलं की मंडळाच्या लेटरहेडवर राज्यपालबाईंना अभिनंदनाचं पत्र द्यावं. नवा कर नाही, पैसा राज्याच्या 'स्टार' रोख्यांतून उभा राहणार, म्हणजे वादाचा विषय नाही असं मला वाटतं. उद्या संध्याकाळपर्यंत हरकत आली नाही तर पाठवतो.

प्रेषक: लीज समिटची ताई (मूळ नांदेड)

हरकत आहे. मंडळाची वर्गणी आम्ही मिझुरीकडचेसुद्धा भरतो, आणि तुम्ही आमचीच टीम पळवून नेल्याचं अभिनंदन आमच्याच नावाने करणार? 2019 ला दोन्ही राज्यांनी ठरवलं होतं की एकमेकांच्या कंपन्या सवलती देऊन ओढायच्या नाहीत. ते गेलं कुठे?

आमच्या जॅक्सन काउंटीत 2006 पासून फुटबॉल आणि बेसबॉल अशा दोन्ही स्टेडियमांसाठी विक्रीकर आहे. शंभर डॉलरच्या खरेदीवर साडेसदतीस सेंट, 2031 पर्यंत. त्यातून ॲरोहेडची, म्हणजे चीफ्सच्या आत्ताच्या स्टेडियमची, डागडुजी झाली. एप्रिल 2024 ला तोच कर आणखी 40 वर्षं चालू ठेवू का, असं मतदानाला आलं तेव्हा 58 टक्के लोकांनी नाही म्हटलं. मीही त्यातलीच. मला चीफ्स नकोत असं नव्हतं. बेसबॉलवाल्यांचं नवं मैदान नेमकं कसं होणार, कोणती दुकानं पाडणार, हे मतदानाच्या आठवड्यापर्यंत बदलत होतं. कोऱ्या कागदावर सही कोण करील?

आता टीम निघून चाललीय आणि किराण्यावरचे साडेसदतीस सेंट 2031 पर्यंत मी भरणारच आहे. त्यामुळे अभिनंदन जरा जड जातंय.

प्रेषक: सेलूचे काका (मुक्काम सध्या सेलू, जि. परभणी)

ताईला, खजिनदारांना अन् सगळ्यांना रामराम. इकडं सकाळचे साडेसहा झाले आहेत. दहाला लाइट जाणार म्हणून आत्ताच लिहायला बसलो. काल शेतात हुरडा झाला. तुमच्या वाटचा मी खाल्ला.

मुलीकडं येऊन राहतो तेव्हा तो हातानं खेळायचा फुटबॉल मीही बघतो, पण मला अजून डाऊन म्हणजे काय ते नीट कळलेलं नाही. हिशेब मात्र कळतो. सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून 31 वर्षं काढली, त्यातली बरीचशी साखर कारखान्यांच्या दप्तरात. म्हणून "नवा कर नाही" हे वाचलं की माझा पेन आपोआप उघडतो.

आमच्याकडं सहकारी कारखाना उभा राहायचा त्याचं सूत्र ठरलेलं असायचं: सभासदांचे 10, सरकारचं भागभांडवल 30 अन् बँकेचं कर्ज 60. त्या कर्जावर पुन्हा सरकारची थकहमी. नवा कर तेव्हाही कुणी लावला नव्हता. पण कारखाना बसला की हमी सरकारच्या, म्हणजे पर्यायानं आपल्या डोक्यावर. माझ्या वडिलांनी एक गोऱ्हा विकून शेअर घेतला होता. तो कारखाना बंद पडून आता लई वर्षं झाली. मागच्या महिन्यात तिकडून जाताना आत डोकावलो. ऊस जिथून आत जायचा, मोळी टाकून जिथं पूजा व्हायची, त्या गव्हाणीत बाभळी उगवल्यात अन् एका पोराच्या चार शेळ्या शेंगा खात होत्या. नाव गव्हाण, काम आत्ता सुरू झालं.

आता तुमचे ते स्टार रोखे. मुलीनं जावयाकडून कागद काढून दिले ते चष्मा लावून वाचले. न्यायानं बोलायचं तर ही थकहमी नाही. वसुली कमी पडली तर नुकसान रोखे घेणाऱ्याचं, राज्य भरून देणार नाही, असं स्पष्ट लिहिलंय. हे आमच्या कारखान्यांपेक्षा बरं. स्टेडियमच्या खर्चाचे 60 टक्के असे रोख्यांतून, 40 मालकाचे.

पण ते फिटणार कशातून? नकाशावर एक हद्द आखायची. तिथं आज जो विक्रीकर जमतो तो पाया धरायचा. पुढं त्याच्यावर जेवढा वाढेल तेवढा सरकारी खजिन्यात न जाता रोख्यांच्या फेडीला जायचा, 30 वर्षांपर्यंत. ध्यानात आलं का? हे आपलं ऊसबिल आहे. कारखाना बिल काढतो, सोसायटीचं पीककर्ज आधी कापतो अन् उरलं तर शेतकऱ्याच्या हातात. नवा कर कुणी लावत नाही, पण वाढीच्या बिलातली वसुली आधी कापून घेतात.

म्हणून दोन गोष्टी विचारा. हद्द किती मोठी आखली? अन् त्या हद्दीतला विक्रीकर स्टेडियम झालं नसतं तरी वाढलाच असता का? महागाईनं तर दरसाल वाढतोच की. अन् तुमचं कुटुंब शनिवारी ओव्हरलँड पार्कात पिझ्झा खायचं, ते उद्या स्टेडियमशेजारी खाईल. खर्च तेवढाच. फक्त त्या पिझ्झ्याचा कर शाळा-रस्त्यांच्या थैलीतून निघून रोख्यांच्या थैलीत पडेल. तिकडचे बहुतेक अर्थशास्त्री वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत, पक्ष कोणताही असो.

सेंट लुइसचं तर तुम्हाला माहीतच असेल. 1995 ला सरकारी पैशानं घुमटाचं स्टेडियम बांधलं, 2016 ला तिथली फुटबॉल टीम लॉस एंजेलिसला गेली तरी हप्ते चालूच. पुढं खटल्यात 790 दशलक्ष डॉलर मिळाले, पण ते 2021 ला, टीम गेल्यावर पाच वर्षांनी.

लाइट गेली वाटतं. थांबतो.

प्रेषक: ओव्हरलँड पार्कचा दादा (मूळ लातूर)

काका, नमस्कार. पण थोडं भांडतो.

बंद कारखाना तुम्ही दाखवलात. आमच्या लातूरकडे चालू कारखान्यांनी काय केलं तेही सांगा ना. रस्ते आले, कॉलेजं आली, माझे वडील ट्रॅक्टरवर ऊस वाहून मला शिकवू शकले. सरकारचे ते 30 टक्के माझ्या घरात तरी वाया गेले नाहीत.

दुसरं म्हणजे खेळावर राग काढणं सोपं असतं. 2016 चा दुष्काळ आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं. मी तेव्हा इथून टाळ्या वाजवल्या. पण सामने बाहेर गेल्याने आमच्या गल्लीतल्या टँकरमध्ये एक घागर तरी वाढली का? वानखेडेचं पाणी लातूरला येणारच नव्हतं. तसंच स्टेडियम झालं नाही म्हणून कॅन्ससच्या शाळेत एक बाक जास्त येईल असं मला वाटत नाही.

आणि विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेच्या फुटबॉल टीमसारखं करता आलं तर? तिथे टीमच लोकांच्या मालकीची आहे.

प्रेषक: सेलूचे काका

दादा, तुमचं पहिलं कबूल. चालू कारखाना गळीत हंगामात चार-पाच महिने रोज हजारो शेतकऱ्यांचा ऊस घेतो, तोडणीवाल्याला, वाहतूकवाल्याला पैसा देतो. स्टेडियमवर चीफ्सचे घरचे सामने वर्षाला आठ-नऊ. आमची माळेगावची खंडोबाची यात्राही थोडेच दिवस असते, पण तिच्यासाठी कुणी छत बांधा म्हणलं नाही. मधल्या काळात गाण्याचे कार्यक्रम होतील, हे धरूनच बोलतोय.

आयपीएलचं तुम्ही बरोबर धरलं. माझ्याकडं उत्तर नाही.

ग्रीन बेचा शेअर माझ्या वडिलांच्या शेअरसारखाच आहे बघा. लाभांश नाही, बाजारात विकता येत नाही, आमसभेला जायचं अन् टाळ्या वाजवायच्या. वडिलांना दिवाळीला साखर तरी मिळायची. पण तिथली एक गोष्ट मला आवडली. मैदान दुरुस्तीला 2000 साली लोकांना विचारून अर्धा टक्का विक्रीकर बसवला अन् पैसे जमल्यावर 2015 ला बंद केला. बंद केला, हे परत वाचा. आपल्याकडं 1975 ला रोजगार हमीसाठी व्यवसायकर बसला, तो तुमच्या इकडच्या भावांच्या पगारातून अजून कापतात. महिन्याला 200, फेब्रुवारीत 300. त्याचा उद्देश चांगला होता म्हणून मी कुरकुरलो नाही, पण 31 वर्षांत तो कधी संपल्याचंही पाहिलं नाही.

माझा विरोध स्टेडियमला नाही, ताईसारखाच. पत्र पाठवायचंच तर अभिनंदन गाळा अन् त्या जागी हद्दीचा नकाशा अन् पायाभूत वर्षाचा आकडा मागा.

प्रेषक: लीज समिटची ताई

काकांच्या मजकुरावर मी सही करते. खरं बोलायचं तर आमची मिझुरीही काही साधी नाही. जून 2025 ला विशेष अधिवेशन बोलावून निम्म्यापर्यंत खर्च उचलायची तयारी दाखवली होती. आम्ही मतपेटीत नाही म्हटलेलं, त्यांनी मागच्या दाराने हो म्हटलं. तरीही टीम गेली. कोणत्या तोंडाने कॅन्ससला बोलू?

प्रेषक: खजिनदार

मंडळी, पत्र रद्द. अभिनंदन ज्याला करायचं त्याने स्वतःच्या नावाने करावं. नकाशाची मागणी मी ओलेथ्याचा रहिवासी म्हणून करतोय, मंडळाचं नाव न घालता.

सेलूचे काका, मार्चमध्ये याल तेव्हा मंडळाचे तीन वर्षांचे हिशेब तुमच्या चष्म्याखालून घालायचे आहेत. सभागृहाच्या अनामतीचे 400 डॉलर कुठे दिसत नाहीत.

तिळगुळ: अजून 7 कुटुंबं बाकी.