'गुठळी' वितळते, विरघळते की मोडते?

चिंचगुळ: पक्षाघाताच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. 'थ्रोम्बोलिसिस'ला काय लिहू? हाती आलेल्या मसुद्यात 'रक्ताची गाठ वितळवणे' आहे. कानाला खटकतंय.

वाटसरू: खटकणारच. 'गाठ' म्हटलं की घरच्यांच्या मनात आधी कॅन्सर येतो, तिथे 'गुठळी'च हवी. आणि वितळायला उष्णता लागते: मेण, तूप, बर्फ. द्रवात मिसळून नाहीसं होतं ते विरघळतं. 'गुठळी विरघळवणे' लिहा.

तिरकस: शास्त्र बघितलं तर तेही नाही. गुठळी धरून ठेवतात ते फायब्रिनचे धागे. अल्टेप्लेज, म्हणजे पक्षाघातात देतात ते इंजेक्शन, ते धागे स्वतः तोडत नाही. रक्तात असलेल्या प्लाझ्मिनोजेनचं प्लाझ्मिन करतं आणि प्लाझ्मिन धागे कातरतं. पिठल्यातल्या गुठळ्या आपण मोडतोच ना? मग 'गुठळी मोडणे' का नको?

वाटसरू: मोडली म्हणजे तुकडे आले. घरचे लगेच विचारणार, तुकडा पुढे जाऊन अडकला तर? (प्रश्न खुळा नाही, कधी कधी तसं होतंही.) पत्रकात कशाला ती भीती?

खलबत्ता: 'विरघळवणे' ठेवा, त्यावाचून कुणाचं अडत नाही. अडतं ते 'रक्त पातळ करणारं औषध' या शब्दापाशी. औषधाच्या दुकानात बसून रोज ऐकतो. अ‍ॅस्पिरिन, वॉरफरिन, हेपॅरिन, स्ट्रेप्टोकायनेज, सगळ्यांना हेच एक नाव. रक्त पातळ यांतलं एकही करत नाही! अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. वॉरफरिन आणि हेपॅरिन रक्त साकळण्याची क्रिया अडवतात, म्हणजे नवी गुठळी होऊ देत नाहीत, असलेली वाढू देत नाहीत. झालेली गुठळी विरघळवणारं यात फक्त स्ट्रेप्टोकायनेज.

आता इमर्जन्सीत डॉक्टर विचारतात, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" मुलगा "हो" म्हणतो. कुठली? वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त साकळायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) बघावा लागतो, १.७ च्या वर असला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा देत नाहीत. नुसत्या अ‍ॅस्पिरिनसाठी ते थांबवत नाहीत. पत्रकात सरळ लिहा: चालू गोळ्यांच्या स्ट्रिपा सोबत आणा.

तिरकस: हे पटलं. जाता जाता, 'स्ट्रेप्टोकायनेज'मधला स्ट्रेप्टो म्हणजे घसा धरणारा स्ट्रेप्टोकोकस जिवाणूच. त्याच्यातला हा गुठळी विरघळवण्याचा गुण टिलेट आणि गार्नर यांनी १९३३ मध्ये नोंदवला. हृदयविकाराच्या झटक्यावर स्ट्रेप्टोकायनेजचा उपयोग ठामपणे दिसला तो १९८६ मध्ये, इटलीतल्या ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत. युरोकायनेज या अशाच दुसऱ्या औषधाचं नाव लघवीवरून, ते सापडलंच तिथे.

चिंचगुळ: छान. आणखी एक वाक्य बघा: 'लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत इंजेक्शन द्यावे लागते.'

खलबत्ता: 'दिसल्यापासून' काढा. आजोबा रात्री दहाला धडधाकट झोपले, सकाळी सहाला तोंड वाकडं दिसलं. घरचे सहापासून मोजतात, डॉक्टर दहापासून. 'रुग्णाला शेवटचं धडधाकट कधी पाहिलं' हे विचारायला हवं. (झोपेत झटका आलेल्यांसाठी काही ठिकाणी एमआरआय बघून ठरवतात, पण ते डॉक्टरांवर सोडा.) आधी ही मुदत ३ तासांची होती, २००८ च्या युरोपातल्या चाचणीनंतर साडेचारपर्यंत गेली. तरी जितकं लवकर तितका मेंदू वाचतो, म्हणून 'साडेचार तास आहेत' असा निवांत सूर नको.

वाटसरू: आणि 'पक्षाघात'वर एक ओळ हवीच. गुठळीनं होतो तोही पक्षाघात, मेंदूत रक्तस्राव होऊन होतो तोही. दुसऱ्यात हे औषध दिलं तर जिवावर बेतेल. "सीटी स्कॅनमध्ये वेळ कशाला घालवता, इंजेक्शन द्या" असं नातेवाईक ओरडतात ते यामुळेच. शब्द एकच आहे ना.

चिंचगुळ: मग असं करते: 'पक्षाघात गुठळीमुळे आहे की रक्तस्रावामुळे, हे सीटी स्कॅन केल्यावरच ठरते. गुठळी असेल आणि वेळ हातात असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन शिरेतून देतात. त्याने रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून चालू औषधांची नावे डॉक्टरांना सांगा.'

खलबत्ता: चालेल. फक्त 'नावे सांगा'च्या जागी 'स्ट्रिपा दाखवा' करा. नावं कुणाला आठवतात?