पी०१७१ कोड: ऑक्सिजन सेन्सर बदलायचा की आधी अजून काही तपासायचं?

पुणे_हॅचबॅक

२०१६ ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे, ८४,००० किमी झाले. बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट आहे, आरसीवर नोंद आहे. चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून ब्लूटूथ स्कॅनर लावला. कोड आला पी०१७१, सिस्टिम टू लीन (हवेच्या मानाने इंधन कमी), बँक १. दुसरा कोणताही कोड नाही, पेंडिंगमध्येही नाही.

फ्रीझ फ्रेम (कोड नोंदला त्या क्षणाचे आकडे) अशी:
आरपीएम २,३४०, वेग ५८, लोड ६२ टक्के, कूलंट ९१ अंश
शॉर्ट टर्म ट्रिम +७.८, लाँग टर्म ट्रिम +२३.४ (ट्रिम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ईसीयू, इंधनात करतो ती टक्क्यांतली दुरुस्ती; शॉर्ट त्या क्षणाची, लाँग शिकून ठेवलेली)

लाइव्ह डेटाच्या यादीत मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) आहे, मॅफ (आत येणारी हवा थेट मोजणारा) नाही. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर पिकअप थोडा कमी वाटतो, आयडल मात्र ठीक आहे. गॅरेजमध्ये सांगितलं की पुढचा ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलून टाका. सेन्सर महाग आहे, म्हणून बदलण्याआधी घरच्या घरी काय काय तपासता येईल ते सांगा. कोड अजून पुसलेला नाही.

ट्रिम_वाचक

कोड पुसला नाहीत हे उत्तम केलंत. पुसला की फ्रीझ फ्रेम जाते, रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्यांची नोंद) शून्यावर येतात आणि बहुतेक गाड्यांत शिकलेली लाँग ट्रिमही उडते. म्हणजे तपासायचा सगळा पुरावाच हातातून जातो. आधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पी०१७१ कोणत्याही पार्टचं नाव घेत नाही. ऑक्सिजन सेन्सर 'धुरात ऑक्सिजन जास्त आहे' म्हणतो, ईसीयू इंधन वाढवत नेतो, आणि वाढवण्याची मर्यादा जवळ आली की दिवा लावतो, एवढाच त्याचा अर्थ. बातमी आणणाऱ्यालाच दोषी धरून सेन्सर बदलला जातो आणि पंधरा दिवसांत तोच कोड परत येतो. हे फार ठिकाणी चालतं, आणि गिऱ्हाइकाचे पैसे त्यातच जातात.

तुमच्याकडे दोन इंधनं आहेत, हा तपासाच्या दृष्टीने मोठा फायदा आहे. सेन्सर, सायलेन्सर, मॅप सेन्सर आणि इंजिन दोन्हींना सामाईक. दोष यांपैकी कशात असेल तर पेट्रोलवरही ट्रिम वर दिसेल. फक्त सीएनजीवरच वर असेल तर दोष गॅसच्या बाजूला, किंवा प्लग-कॉइलमध्ये (त्यावर खाली कोणीतरी लिहीलच).

असं करा:

इंजिन पूर्ण गरम, कूलंट ८५ च्या वर. एसी, हेडलाइट, मागचा डिफॉगर बंद. 'फ्युएल सिस्टिम स्टेटस' क्लोज्ड लूप (ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून इंधन ठरवतोय) दाखवतोय याची खात्री करा. ओपन लूपमध्ये वाचलेली ट्रिम काही कामाची नाही.

आधी सीएनजीवर दोन मिनिटं आयडल, मग एक मिनिट २,५०० आरपीएम धरून दोन्ही ट्रिम लिहून घ्या. मग पेट्रोलवर टाका. त्या क्षणी शॉर्ट ट्रिम कुठे उडी मारते ते नीट बघा. लाँग ट्रिम सीएनजीवर शिकलेली असते, ती लगेच हलत नाही. पेट्रोलला त्या जादा इंधनाची गरज नसेल तर शॉर्ट ट्रिम एकदम उणे १५-२० कडे जाईल. त्यानंतर २० मिनिटं पेट्रोलवरच चालवून पुन्हा तेच दोन आकडे घ्या.

नेहमी शॉर्ट आणि लाँगची बेरीज बघा. बेरीज ±५ च्या आत असेल तर निवांत, १० च्या पुढे शोध सुरू. २० च्या पुढे तर दिवा जवळ आलाच.

मॅनिफोल्ड_नाशिक

मॅप सेन्सरची गाडी आहे म्हणून एक इशारा. इंटरनेटवर पी०१७१ शोधलं की पहिलं उत्तर 'व्हॅक्यूम लीक' येतं, कारण ती उत्तरं मॅफवाल्या गाड्यांसाठी लिहिलेली असतात. मॅफच्या पुढून घुसलेली हवा मोजलीच जात नाही, म्हणून तिथे आयडलला ट्रिम चढते आणि २,५०० ला उतरते. मॅपवाल्या गाडीत घुसलेली हवा मॅनिफोल्डचा दाब वाढवते. ईसीयू तो दाब वाचून इंधनही वाढवतो. त्यामुळे लीनपेक्षा आयडल चढलेला किंवा डुलणारा दिसतो. तुमचा आयडल ठीक आहे आणि फ्रीझ फ्रेम ६२ टक्के लोडवर पडली आहे. पीसीव्हीचा पाइप (क्रँककेसची वाफ इनटेकमध्ये नेणारा) आणि इनटेकची गॅस्केट नजरेखालून घाला, पण कार्ब क्लीनर फवारत दुपार घालवू नका.

मॅप सेन्सर तपासायला हत्यार लागत नाही. इग्निशन ऑन, इंजिन बंद. त्या वेळी मॅपने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात साधारण ९४-९५, महाबळेश्वरला ८६ च्या जवळपास. पुण्यात उभी गाडी ८८ दाखवत असेल तर सेन्सर कमी वाचतोय, म्हणजे इंधन कमी पडणार.

ऑक्सिजन सेन्सरची परीक्षा: पेट्रोलवर, इंजिन गरम असताना सेन्सर १ चा ग्राफ लावा. ॲक्सिलरेटर झटक्यात दाबा, व्होल्टेज ०.८ च्या वर गेलं पाहिजे. सोडल्यावर ०.१ च्या खाली आलं पाहिजे. दोन्हीकडे चटकन जात असेल तर सेन्सर जिवंत आहे. (हे साध्या नॅरोबँड सेन्सरसाठी. यादीत सेन्सर १ ला लॅम्डा किंवा मिलिॲम्पिअर दिसत असेल तर तो वाइडबँड, त्याला ही परीक्षा लागू नाही.)

आणि सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर काजळीचा काळा पट्टा आहे का बघा. तिथल्या फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते आणि सेन्सर खोटं लीन दाखवतो. थंड इंजिन सुरू करताना तिथे कान दिला तर टक्-टक् ऐकू येते.

स्कॅन_अड्डा

स्कॅनरबद्दल थोडं. स्वस्त ईएलएम ३२७ नकली चिपवाले असतात, कोड आणि ट्रिम वाचायला पुरतात. पण एका वेळी १५ गोष्टी मागितल्या तर प्रत्येक आकडा उशिरा ताजा होतो आणि ऑक्सिजन सेन्सरचा ग्राफ पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. सेन्सर बघताना फक्त सेन्सर आणि आरपीएम ठेवा. ट्रिमच्या वेळी दोन्ही ट्रिम, आरपीएम, मॅप, कूलंट एवढे पाच बास.

चढावरची नोंद ॲपमध्ये लॉग करून ठेवा आणि गाडी थांबवून वाचा, किंवा शेजारी कोणाला तरी बसवा. चालवताना मोबाइलकडे बघू नका. काम झालं की स्कॅनर काढून ठेवा. सॉकेटच्या १६ नंबर पिनला बॅटरीची थेट लाइन असते, गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते.

पुणे_हॅचबॅक

सगळं करून बघितलं. आकडे:

सीएनजी, आयडल: लाँग +१०.९, शॉर्ट +२.३
सीएनजी, २,५००: लाँग +१९.५, शॉर्ट +५.५
सीएनजी, कात्रजचा चढ, तिसरा गिअर: लाँग +२३.४, शॉर्ट +९.४
पेट्रोलवर टाकताक्षणी: शॉर्ट −१८, मग लाँग हळूहळू खाली
पेट्रोल, २० मिनिटांनंतर आयडल: लाँग +३.९, शॉर्ट ०
पेट्रोल, २,५००: लाँग +३.१, शॉर्ट +०.८

इंजिन बंद असताना मॅप ९४. सेन्सर १ झटक्याला ०.८६, सोडल्यावर ०.०५. काजळी कुठे नाही.

ट्रिम_वाचक

सेन्सर निर्दोष, मॅप निर्दोष, पेट्रोलची बाजू निर्दोष. सीएनजीवर जितका लोड जास्त तितकी तूट जास्त. आता किटवाल्यांचं काम.

गॅस_ट्यूनर

आकडे चांगले घेतलेत, यावरून पुढची दिशा सरळ आहे. फक्त लगेच 'मॅपिंग (किटच्या सॉफ्टवेअरमधली गॅसच्या प्रमाणाची सेटिंग) करून घ्या' म्हणून लॅपटॉप लावू नका. गॅस कमी का येतोय हे न शोधता मॅपिंगमध्ये गॅस वाढवला तर दिवा विझतो, पण कारण तसंच राहतं. पुढे फिल्टर बदलला की गाडी रिच होते (इंधन जास्त) आणि पी०१७२ येतो.

क्रम असा धरा.

सर्वांत आधी प्लग. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, आणि ते सर्वांत जास्त लागतं चढावर, लोडखाली. प्लगचा गॅप वाढलेला असेल तर तिथे ठिणगी चुकते. न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच सायलेन्सरमध्ये जातो आणि सेन्सर 'लीन' म्हणतो. गॅस पुरेसा असूनही ट्रिम चढते. चारही प्लग काढा, गॅप मोजा. सीएनजीवर ०.७ ते ०.८ मिमी ठेवायची पद्धत आहे, इरिडियम प्लगचं टोक मात्र वाकवत बसू नका. ८४,००० किमीत प्लग बदलले नसतील तर आधी तेच बदला. कॉइलच्या रबरी बुटावर पांढरी रेघ दिसली तर तो बूटही.

मग लो प्रेशर फिल्टर, रेड्यूसर (गॅसचा दाब उतरवणारा भाग) आणि इंजेक्टर रेलच्या मधला. हाच बहुतेक वेळा गुन्हेगार असतो. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर येतं आणि कागद चिकट होतो. आयडलला गॅस थोडाच लागतो म्हणून तिथे कळत नाही, चढावर कळतं. तुमचे आकडे याच्याशी तंतोतंत जुळतात. फिल्टर बदलताना सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद, मग इंजिन सीएनजीवर चालवून लाइनमधला गॅस संपवायचा, मगच क्लिप सोडायच्या. नंतर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. २०० बारच्या बाजूच्या नटाला घरी पाना लावायचा नाही, ते काम अधिकृत सेंटरचंच.

हे दोन्ही करूनही ट्रिम वर राहिली तर किटवाल्याकडे जा आणि त्याला एकच गोष्ट दाखवायला सांगा: त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये गॅस प्रेशर, गाडी चढावर असताना. आयडलला जे प्रेशर आहे (सीएनजीला साधारण २ बार) ते पूर्ण ॲक्सिलरेटरवर किती पडतं? प्रेशर पडत असेल तर रेड्यूसर, त्याचा मॅनिफोल्डकडून येणारा व्हॅक्यूम पाइप, सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा हाय प्रेशर फिल्टर. प्रेशर स्थिर राहून ट्रिम चढत असेल तर इंजेक्टर जड झालेत किंवा नोझल लहान आहे, आणि तेव्हाच मॅपिंगकडे वळायचं.

रेड्यूसर हाताला गरम लागतो का तेही बघा. गॅस २०० बारवरून खाली येताना प्रचंड थंड होतो, म्हणून इंजिनचं कूलंट त्यातून फिरवलेलं असतं. कूलंट कमी असेल किंवा पाइपात हवा अडकली असेल तर रेड्यूसर गारठतो आणि प्रेशर डगमगतं.

मॅपिंगची खूणही सांगतो, म्हणजे काम नीट झालं का ते तुम्हालाच कळेल. त्याच आरपीएमला, त्याच लोडला पेट्रोल इंजेक्शनचा वेळ दोन्ही इंधनांवर सारखा यायला हवा. पेट्रोलवर ४.० मिलिसेकंद आणि सीएनजीवर ५.० दिसत असेल तर ईसीयू २५ टक्के जास्त मागतोय. फक्त आयडलला ऑटो कॅलिब्रेशन करून गाडी ताब्यात देत असतील तर घेऊ नका. रस्त्यावर, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, दोन्ही इंधनांवर पॉइंट गोळा करायला लावा.

पुणे_हॅचबॅक

प्लग आणि फिल्टर दोन्ही एकदमच बदलू का? आणि कोड कधी पुसू?

गॅस_ट्यूनर

एकेक बदला, मध्ये ट्रिम बघा, नाहीतर कारण कोणतं होतं ते कधीच कळणार नाही. एक काळजी घ्या: सिलिंडर अर्ध्याच्या वर भरलेला असताना तुलना करा. गेज तळाला असेल तर चांगल्या गाडीचीही ट्रिम चढावर वर जाते.

काम झाल्यावर कोड पुसा आणि आधी २० मिनिटं पेट्रोलवर चालवा, म्हणजे लाँग ट्रिम पेट्रोलवर बसेल. मग सीएनजीवर टाकून त्याच कात्रजच्या चढावर तोच तिसरा गिअर. बेरीज पेट्रोलच्या आकड्यापासून ५ च्या आत आली तर झालं. सिलिंडरच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी) तारीखही बघून घ्या, दर ३ वर्षांनी ती लागतेच. जवळ आली असेल तर रेड्यूसरची तपासणी त्याच फेरीत उरकेल.