सामान्य माणसाची देशभक्ती प्रश्नावलीतून कळते का?

मूळ मांडणी (नांदेड)

‘भारतीय असल्याचा आपल्याला किती अभिमान वाटतो?’ असे विचारून ‘अतिशय’पासून ‘मुळीच नाही’पर्यंतच्या चार उत्तरांतून देशभक्ती मोजण्याची रीत जगभरच्या मूल्य-सर्वेक्षणांत रूढ आहे. मराठवाड्यातल्या खेड्यात ती निरुपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पारावर, सरपंचांच्या देखत विचारल्यावर ‘अतिशय’ याखेरीज दुसरे उत्तर कोण देईल? शिवाय हिवाळ्यात पाहणी केली, तर बीडकडची ऊसतोड कुटुंबे तिच्यात येतच नाहीत, कारण ती तेव्हा कारखान्यांवर गेलेली असतात. त्यापेक्षा लोक काय करतात आणि घरात कोणत्या आठवणी सांगतात, ते पाहावे. आपल्याकडे १५ ऑगस्टप्रमाणे १७ सप्टेंबरलाही, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन होते आणि १९४८ पर्यंतच्या रझाकारांच्या, म्हणजे निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या, काळाच्या गोष्टी नातवंडांनाही ठाऊक असतात.

प्रतिसाद (परभणी)

आपले म्हणणे मला मान्य नाही. नुसत्या कृतीवरून निष्कर्ष काढणारा अभ्यासक स्वतःचाच अर्थ लोकांवर लादतो. सैन्यभरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारा कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा घ्या. २०२२ पासून अग्निवीराची सेवा चार वर्षांची आहे आणि त्यानंतर फार तर २५ टक्के जणांना कायम केले जाते, हे ठाऊक असूनही तो धावतो. ही देशभक्ती, पगाराची गरज की दोन्ही, हे त्यालाच विचारावे लागेल. सरपंच बसले असतील तर घरी जाऊन एकट्याला विचारावे, ऊसतोड मजुरांना पावसाळ्यात गाठावे. दोष विचारण्याच्या रीतीत आहे.

प्रतिसाद (धाराशिव)

आपण दोघेही १७ सप्टेंबरची आठवण सर्वांची एकसारखी आहे, असे धरून चालला आहात. रझाकारांचे अत्याचार खरेच आहेत. पण भारतीय सैन्याने सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे हैदराबाद संस्थान ताब्यात घेतले, त्या ‘पोलीस कारवाई’नंतरच्या हिंसाचारात मुसलमानांची मोठी प्राणहानी झाली, आणि त्याची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे घेतली. दुसरीकडे, संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणाची बाजू मांडणारे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी खून केला. ज्या घराने त्या दिवसांत माणसे गमावली, ते त्या तारखेला गप्प राहिले, तर त्याला देशप्रेम कमी आहे असे नोंदवणे हा घोर अन्याय होईल.

मूळ लेखकाचे उत्तर (नांदेड)

धाराशिवकरांचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, परभणीकरांचा निम्माच. धावणाऱ्या मुलाला जरूर विचारावे; परंतु पहिल्याच भेटीत कागद पुढे करणाऱ्या परक्या माणसाजवळ ते गप्प घर बोलेल, असे मला वाटत नाही.