मदत हवी आहे : पावसाळ्यात सुरूच न होणारा बिनबॅटरीचा सेन्सर

मंडळी, देवगडला कलमांच्या बागेत मातीचा ओलावा मोजणारा नोड लावलाय. सोलर पॅनेल, बीक्यू२५५७० (पॅनेलची वीज साठवून देणारी चिप), बॅटरीऐवजी १ फॅरडचा सुपरकपॅसिटर आणि लोरा रेडिओ (कमी विजेत दूरवर छोटे संदेश पाठवणारा). ओव्हरव्होल्टेज मर्यादा ४.२ व्होल्ट. व्हीबॅट-ओके, म्हणजे पुरेसं व्होल्टेज साठल्याचा चिपचा सिग्नल, ठरवायला ग्राउंडकडून वर ४.७, ६.२ आणि २ मेगओहमचे रेझिस्टर, म्हणजे ३.३२ व्होल्टला चालू, २.८१ला बंद. मे अखेरपर्यंत वाचन नीट येत होतं. आता कपॅसिटर ४.१ व्होल्टला असतो, तरी व्हीबॅट-ओके वर जात नाही. घरात दिवसभर पंख्याखाली ठेवला की चालतो! कपॅसिटर मोठा घेऊ का?

प्रतिसाद १
नको. ४.१पासून २.८१पर्यंत उतरताना तुमच्याकडे जवळपास साडेचार ज्यूल आहेत, आणि लोराचा एक छोटा संदेश काही मिलिज्यूलमध्ये जातो. ऊर्जा भरपूर आहे. पंख्याखाली चालतो, यातच उत्तर आहे : बोर्डावर खारा दमट पापुद्रा धरलाय आणि त्यातून विजेची गळती होतेय.

हिशोब करा. ४.७ मेगओहमला समांतर १० मेगओहमची गळती धरली तर उरतात ३.२. चालू होण्याची पातळी १.२१ × (१ + ८.२/३.२), म्हणजे ४.३१ व्होल्ट (१.२१ हे चिपचं आतलं संदर्भ व्होल्टेज, ८.२ म्हणजे ६.२ + २). तुमचा कपॅसिटर ४.२च्या पुढे चढूच शकत नाही, मग ओके येणार कुठून?

खात्री हवी तर कोरड्या बोर्डावर, ओके बंद असताना, ४.७वर बाहेरून १० मेगओहमचा रेझिस्टर टेकवून ठेवा आणि कपॅसिटर भरू द्या. तोच बिघाड दिसला पाहिजे. रेझिस्टरांच्या त्या जोडावर मल्टिमीटर लावू नका. बहुतेक मीटरचा स्वतःचा रोधच १० मेगओहम असतो.

प्रतिसाद २
सहमत. फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट अवशेष) राहिलाय का तेही बघा, मीठ आणि ओल त्यालाच चिकटतात. सुपरकपॅसिटर काढून ठेवा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने घासा, मग डिस्टिल्ड पाण्याने धुवा (नुसत्या अल्कोहोलने मीठ नीट जात नाही). ६० अंशांवर दोन तास वाळवा आणि लगेच ॲक्रिलिक कोटिंगचे दोन पातळ हात द्या. ओल आत राहिली तर कोटिंगखाली तोच त्रास. कनेक्टरवर आधी टेप लावा. डबा सील करायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, तांबं खातं. केबल खालून आत घ्या.

धागाकर्ता
१० मेगओहम टेकवून ठेवला तर ओके आलंच नाही, काढल्यावर आलं. फ्लक्स चिपच्या कडेला दिसतोय. आज धुतो.