कॅनेडियन मिल्कव्हेच इंदूरच्या काळ्या मातीत वाढेल का?

प्रश्न

नमस्कार. मी इंदूरमध्ये लोकमान्य नगरात राहतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात मुलीकडे राहत असताना तेथील नदीकाठी कमरेएवढ्या उंचीचे एक रानटी बहुवर्षायू झाड पाहिले. त्याची पाने तरवडासारखी संयुक्त होती, फुलांचे तुरे फिकट पिवळसर होते आणि त्यांवर भुंगे सतत येत होते. चौकशी केल्यावर ते ‘अ‍ॅस्ट्रॅगॅलस कॅनडेन्सिस’ म्हणजेच कॅनेडियन मिल्कव्हेच असल्याचे कळले. आमच्या अंगणात काळी माती आहे आणि गच्चीवरही जागा आहे. बी मागवून हे झाड येथे लावता येईल का, आणि लावायचे झाल्यास सुरुवात कोणत्या महिन्यात करावी?

प्रतिसाद १

सर्वप्रथम बियाण्याविषयी. परदेशातून बी टपालाने किंवा सामानातून तसेच आणू नये. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार त्यासाठी आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे रोगमुक्तता प्रमाणपत्र लागते. हे मी आग्रहाने सांगतो, कारण बियाण्यासोबत येणारे रोग आणि तणे एकदा माळव्याच्या शेतात शिरली की ती बाहेर काढणे कोणाच्याही हाती राहत नाही.

रीतसर बी मिळाले, तर पुढचे काम कष्टाचे नाही, मात्र क्रम चुकवू नये. हे झाड शेंगावर्गीय कुळातील आहे आणि त्या कुळातील अनेक बियांप्रमाणे या बीचे कवच कठीण असून त्यातून पाणी आत जात नाही. म्हणून बी दोन पॉलिश पेपरांच्या मध्ये हलक्या हाताने घासावे, वरची चकाकी गेली की थांबावे आणि रात्रभर पाण्यात ठेवावे. फुगलेले बी ओलसर वाळूत मिसळून दोन-तीन आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे त्याला मायदेशातील हिवाळ्याचा थोडा आभास मिळतो. हे दसऱ्याच्या सुमारास सुरू केले, तर रात्री गार होऊ लागतात त्या नोव्हेंबरात पेरणी करता येते. पेरणी थेट कायमच्या जागी करावी, कारण मूळ लवकर खोल जाते आणि रोप उपटून दुसरीकडे लावलेले त्याला सोसत नाही. पहिल्या वर्षी झाडाचा जोर मुळावरच असतो, तेव्हा फुले आली नाहीत म्हणून खत वाढवू नये.

प्रतिसाद २

वरील माहिती योग्य आहे, परंतु माझ्या मते खरी अडचण उगवणीची नसून पावसाळ्याची आहे. मिनेसोटातही उन्हाळ्यात पाऊस पडतो आणि हे झाड ओलाव्याला घाबरत नाही. पण आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि काळी माती फुगून तिच्यातील हवेच्या जागा बंद होतात, तेव्हा उष्ण, साचलेल्या पाण्यात मुळे कुजण्याचा धोका फार असतो. त्यामुळे अंगणाचा विचार सोडून गच्चीवर किमान दोन फूट खोल ड्रम घ्यावा, बुडाला भरपूर भोके पाडावीत आणि जाड वाळू, बारीक मुरूम व कुजलेला पालापाचोळा समप्रमाणात भरावा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी सावली आणि संततधारेत वर आडोसा द्यावा.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचे आभार. सोयाबीनसाठी मिळणारे रायझोबियमचे (मुळांवर गाठी करून झाडाला हवेतील नत्र मिळवून देणाऱ्या जिवाणूंचे) पाकीट येथे चालेल का?

प्रतिसाद ३

त्यावर विसंबू नये. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू वेगळ्या गटातील आहेत आणि अ‍ॅस्ट्रॅगॅलसला बहुधा त्याच्या स्वतःच्या जोडीचे जिवाणू लागतात. गाठी झाल्या नाहीत, तर वर्षातून दोनदा थोडे कंपोस्ट द्यावे. युरिया मात्र देऊ नये.

आणखी एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. अ‍ॅस्ट्रॅगॅलस या प्रजातीत सुमारे तीन हजार जाती आहेत. चिनी औषधपद्धतीत जिचे मूळ वापरतात ती जात निराळी, इराण-तुर्कस्तानात जिच्यापासून ट्रॅगॅकँथ डिंक काढतात तीही निराळी, आणि अमेरिकेतील काही जाती तर गुराघोड्यांना विषारी म्हणून कुप्रसिद्ध आहेत. म्हणून नावसाधर्म्यावरून आपल्या झाडाचे पान किंवा मूळ औषध म्हणून घेऊ नये आणि छाटलेल्या फांद्या गाईपुढे टाकू नयेत. शेंगा वाळण्यापूर्वी तुरे कापावेत, म्हणजे बी गच्चीबाहेर पसरणार नाही.