‘टेलगेट’ला मराठी शब्द सुचवा (संपादकांशी वाद चालू आहे)

हुरॉनकाठची
मंडळाच्या दिवाळी अंकाला ॲन आर्बरच्या, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावच्या, अमेरिकन फुटबॉलच्या शनिवारांवर लेख दिलाय. सामन्याआधी चार-चार तास गोल्फच्या मैदानावर गाड्या लावायच्या, मागचं दार उघडायचं, शेगड्या पेटवायच्या आणि खाणंपिणं सुरू. याला मी सरळ ‘टेलगेट’ लिहिलं होतं. संपादकांनी सगळीकडे ‘सामनापूर्व सहभोजन’ करून टाकलंय. वाचताना श्लोक म्हणून पंगत बसल्यासारखं वाटतं. स्टेडियमची आसनं १,०७,६०१, आणि त्या सगळ्यांचं सहभोजन! दुसरं काही सुचतंय?

व्याकरणमित्र
सहभोजनात गैर काय आहे? अर्थ अचूक आहे. शब्द कानाला नवा लागतो म्हणून टाकायचा म्हटलं, तर ‘महापौर’सुद्धा कधी रुळला नसता.

खारेपाटण
मित्रा, हा शब्द कानाला नवा नाही, चांगला वापरलेला आहे. पतितपावन मंदिराच्या काळात रत्नागिरीत सावरकरांनी सहभोजनं घातली ती जात मोडायला. आमचे आजोबा तशा एका पंगतीला जाऊन आले, तर घरात कित्येक दिवस त्यांचं ताट वेगळं मांडलं जाई. तो शब्द बर्गर आणि बिअरला लावायचा म्हणजे जरा जास्तच होतंय.

पेठकर
कशाला डोकं शिणवताय? आमच्या कोल्हापुरात ह्याला रस्सा मंडळ म्हणत्यात. रानात चूल मांडायची, तांबडा-पांढरा करायचा, पोरं जमवायची. फक्त आमच्यात मॅचच्या आधी नाही, जिंकल्यावर. आणि एक सांगतो, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा हे संघ खेळतात तो फुटबॉल. हातात चेंडू घेऊन पळायचं त्याला दुसरं नाव बघा.

कोलंबसकर
आम्ही ओहायो स्टेट विद्यापीठवाले. तुमच्या त्या उत्तरेकडच्या विद्यापीठाशी सामना असला की आठवडाभर आवारातल्या पाट्यांवरचं ‘एम’ अक्षर लाल पट्टीनं खोडलेलं असतं. मीही एकदा ‘म’ गाळून मराठी लिहायला बसलो होतो. ‘मी’पाशीच अडलो.

मुद्द्याचं बोलायचं तर ‘बसणे’ हे क्रियापद तयारच आहे. ‘शनिवारी बसू या का?’ म्हटल्यावर कशाला बसायचं ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

हुरॉनकाठची
पण तिथे बसतं कोण? घडीच्या खुर्च्या नेतात आणि सगळे उभे. सामना दुपारी बाराचा असला तर सकाळी आठलाच ब्लडी मेरी हातात. आमच्याकडे आत प्रेक्षकांना बिअर २०२४च्या हंगामापासून मिळायला लागली, त्याआधी जे काय ते बाहेरच. ‘बसणे’मध्ये हे बाहेरपण येत नाही.

कोलंबसकर
नाव बदलल्यानं काही होत नाही हेही खरं. जॅक्सनव्हिलला जॉर्जिया-फ्लोरिडाचा सामना होत आलाय, त्याला वर्षानुवर्षं ‘जगातली सर्वांत मोठी उघड्यावरची कॉकटेल पार्टी’ म्हणत. २००६ मध्ये विद्यापीठांनी वाहिन्यांना सांगितलं, हे नाव घेऊ नका. नाव गेलं, ग्लास राहिले.

सावजीप्रेमी
टेलगेट म्हणजे मुळात पिकअपच्या हौद्याचा फाळका. ट्रकवाल्याला विचारा, ‘फाळका पाड’ म्हटलं की त्याला बरोबर कळतं. म्हणून ‘फाळका पार्टी’! फाळका हा फलक, फळा, फळी याच घराण्यातला असणार, म्हणजे शुद्धतावाल्यांचीही सोय झाली.

व्याकरणमित्र
‘पार्टी’ तशीच ठेवून कसली सोय? आणि फाळका नांगराच्या फाळावरून आला असावा असं मला वाटतं.

सावजीप्रेमी
फाळ जमीन फाडतो, फाळका माल अडवतो. कुठून कुठे जोडता बाप्पा!

हुरॉनकाठची
फाळका आवडला, पण संपादकांना ट्रक कुठून आला ते समजावावं लागेल. बरं, त्यांनी आणखी एक केलंय. ‘स्टुडंट-ॲथलीट’चं ‘विद्यार्थी-खेळाडू’. ते तरी ठेवू ना?

वकीलसोलापूर
ठेवा, पण तो शब्द कुठून आला ते लेखात सांगा. १९५०च्या दशकात एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या नियामक संस्थेचे प्रमुख वॉल्टर बायर्स आणि त्यांच्या वकिलांनी तो मुद्दाम घडवला. कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा एक खेळाडू १९५५ मध्ये सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीनं कामगार-भरपाई मागितली. अशा दाव्यांत खेळाडू कामगार ठरू नये, यासाठी तो ‘विद्यार्थी’ पुढे जोडला. १९५७ मध्ये कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या बाईंना भरपाई नाकारली. बायर्सनी निवृत्तीनंतर स्वतःच हे लिहून ठेवलंय.

पेठकर
म्हंजे एका जोडशब्दावर साठ-सत्तर वर्षं पैसे वाचवले? भारीच की.

कोलंबसकर
पैसे होतेच, खेळाडूंना मिळत नव्हते एवढंच. टेक्सस ए अँड एम विद्यापीठानं २०२३ मध्ये जिंबो फिशर या प्रशिक्षकाला मुदतीआधी काढलं आणि करारापोटी साडेसात कोटी डॉलरांहून जास्त देणं मान्य केलं. न शिकवण्याचे! खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमवायची मुभा मिळाली जुलै २०२१ पासून. आणि जून २०२५च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर विद्यापीठ आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट देऊ शकतं, पहिल्या वर्षाला कमाल दोन कोटी पाच लाख डॉलर.

व्याकरणमित्र
त्या रकमेला ‘मानधन’ म्हणावे. प्रतिष्ठित शब्द आहे.

खारेपाटण
अहो, तीच चलाखी झाली ना! आमची मावशी अंगणवाडी सेविका होती. महिना भरला की मिळायचं ते मानधन. ‘वेतन’ म्हटलं की नोकर ठरणार, नोकर ठरलं की ग्रॅच्युइटी, पेन्शन. सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये ग्रॅच्युइटी द्यायला सांगितली, तीसुद्धा भांडून. ‘मान’ पुढे लावला की ‘धन’ कमी झालं असं समजायचं.

व्याकरणमित्र
यात शब्दाचा काय दोष? व्याख्यात्यांना, परीक्षकांनाही मानधनच देतात. शासनाचा हिशेब शब्दावर का फाडता?

वकीलसोलापूर
व्याख्याता तासभर बोलून घरी जातो. ही मुलं पहाटे व्यायाम, दुपारी सराव, आठवड्याआड विमानप्रवास करतात.

पेठकर
मग खुराक म्हणा. शाहू महाराजांनी पैलवान पोसले ते खुराक देऊनच. आजबी वस्ताद विचारतो, खुराकाचं कोण बघतंय? हे जे अमेरिकेतले श्रीमंत माजी विद्यार्थी पोरांना पैसे पुरवतात, ते दुसरं काय करतात?

कोलंबसकर
कागदावर ते जाहिरातीचे पैसे असतात. खेळण्याचे म्हणायचं नाही, अशी आधीपासूनच मेख आहे.

पेठकर
खुराकात बदाम, तूप, थंडाई. जाहिरात कुठं बसते त्यात?

सावजीप्रेमी
थंडाईवरून आठवलं, नागपुरात ‘थंडाई घेतली’ म्हटलं की होळीला अर्थ वेगळा लागतो. कोल्हापुरातही तसंच का?