.३०८ विंचेस्टरच्या पुंगळ्यांसाठी कोणता ट्रिमर घ्यावा?

प्रश्न: टेक्सासमध्ये मी .३०८ विंचेस्टर या मापाची रायफलची काडतुसे घरीच पुन्हा भरतो. महिन्याला साधारण १०० पुंगळ्या (काडतुसांची रिकामी पितळी कवचे) होतात. त्या कापून ठरावीक लांबीच्या करायला हाताने फिरवायचा ट्रिमर पुरेल, की मोटरचा घ्यावा?

उत्तर: एवढ्या पुंगळ्यांसाठी लेथच्या धर्तीचा, हाताने फिरवायचा ट्रिमर पुरेसा आहे. मात्र डायमधून (पुंगळी पुन्हा मूळ मापात आणणाऱ्या साच्यातून) काढताना पितळ ताणून पुंगळी लांबते, म्हणून हे मापात आणणे, म्हणजे साइझिंग, झाल्यावरच कॅलिपरने मोजावे. कमाल लांबी २.०१५ इंच असून कापताना ती २.००५ इंचांवर आणतात. पुंगळी कमाल लांबीहून लांब असेल तर तिची मान (गोळी धरणारा तोंडाकडचा भाग) चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसते त्या पोकळीच्या) पुढच्या कडेत चेपून गोळीला आवळते आणि दाब धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो.

दुसरे उत्तर: सहमत आहे. कापल्यावर तोंडाशी नखाला लागणारी बारीक कड राहते. ती आतून-बाहेरून काढल्याशिवाय गोळी बसवू नये, कारण तिच्यावर ओरखडे पडतात.